थेंब आणि चमचा: निलगिरी तेलावरील पुस्तकाची प्रस्तावना

दसरा-दिवाळी उलटली की तेलगावच्या चौकातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. बीडहून परळीला आणि माजलगावहून धारूर-केजला जाणारे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखानाही इथलाच. तरीही परिसरातले कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी, करून राहतात. ट्रॉलीवर चढणाऱ्या संसारात ज्वारीचे पोते, भांडीकुंडी, एखादी शेळी आणि लहान लेकरे असतात. औषध म्हणून जे बरोबर जाते ते एका डब्यात मावते: तापाच्या गोळ्या, बाम, कापराच्या वड्या आणि निलगिरी तेलाची छोटी बाटली. थंडीत बाळाची छाती भरली, नाक चोंदले, की हात याच बाटलीकडे जातो. दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

हे पुस्तक त्या बाटलीविषयी आहे. ती फेकून द्या, असे सांगण्यासाठी ते लिहिलेले नाही. निलगिरी तेलात औषधी गुण आहेत आणि त्यातले काही चांगल्या चाचण्यांमधून सिद्ध झालेले आहेत. पण हेच तेल थेंबाच्या मापात औषध असते आणि चमच्याच्या मापात लहान मुलाला बेशुद्ध करते. आपल्या घरांनी तेलाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले, मात्र मात्रा, वय आणि वापरण्याची वाट या तीन गोष्टी मध्येच कुठे तरी गळून गेल्या. त्या पुन्हा घरात पोचाव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू. करडई, तीळ, शेंगदाणा यांची तेले बी घाण्यात घालून पिळून काढतात. निलगिरीचे तेल पानांतून वाफेने काढतात. भट्टीवरच्या भांड्यात पाने भरून वाफ सोडली की पानांतली सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडतात, आणि वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. शंभर किलो ओल्या पानांतून जेमतेम एखाद-दोन किलो तेल हाती येते. म्हणजे बाटलीतल्या थोड्याशा तेलात पानांचा ढीग सामावलेला असतो. पानाचा काढा आणि तेलाचा थेंब यांत हाच मोठा फरक आहे. ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य काढ्याबद्दल एक वेळ चालेल, तेलाबद्दल मुळीच चालणार नाही. या तेलातले मुख्य द्रव्य सिनिओल, ज्याला युकॅलिप्टॉल असेही म्हणतात. ब्रिटिश औषधकोशानुसार औषधी निलगिरी तेलात ते किमान 70 टक्के असावे लागते.

झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. आपल्याकडे ते पहिल्यांदा टिपू सुलतानाच्या काळात, 1790 च्या सुमारास, बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर लावले गेले असे मानतात. पुढे 1843 मध्ये उटीच्या डोंगरांत सरपणासाठी त्याची लागवड झाली आणि त्या डोंगरांचे नाव आपण झाडालाच दिले. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाने आणि शेतकऱ्यांनी बांधांवर जी निलगिरी लावली, ती बहुतांशी वेगळ्या जातीची, लाकडासाठीची होती. तिच्या पानांना वास येतो, पण औषधी तेल प्रामुख्याने ‘ग्लोब्युलस’ जातीपासून काढतात. लिंबासारख्या वासाच्या तिसऱ्या एका जातीच्या तेलात सिनिओल नगण्य असते, ते डास पळवायला वापरतात. तिन्हींना बाजारात ‘निलगिरी’ म्हणतात. बांधावरचा पाला उकळून बाळाला वाफ देणाऱ्या घरांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तेलाच्या औषधी वापराची सुरुवात फार जुनी नाही. 1788 मध्ये सिडनीला उतरलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतीतला शल्यवैद्य डेनिस कॉन्सिडेन याने तिथल्या पानांचे तेल काढून इंग्लंडला पाठवले. 1852 मध्ये मेलबर्नजवळ जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने पहिली व्यापारी भट्टी घातली. 1870 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोएझ याने त्यातले मुख्य द्रव्य ओळखून त्याला युकॅलिप्टॉल हे नाव दिले. आपल्या प्राचीन संहितांत हे झाड नाही, असण्याचे कारणही नाही. पण ते आले तेव्हा इथली जमीन तयार होती. कापूर वैद्यकात पूर्वापार होता आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात सुगंधी द्रव्यांच्या वर्गाला त्याचेच नाव आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी होतीच. आणि वाफेने तेल काढण्याची विद्याही महाराष्ट्राला परकी नव्हती. खानदेशात रोशा गवतापासून तेल काढणाऱ्या भट्ट्या होत्या. ते तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. इथे सांधेदुखीवर हे तेल चोळत. या गवताची कहाणी स्वतंत्र पुस्तकाच्या योग्यतेची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी ही सगळी उग्र द्रव्ये बाटल्यांत आणि डब्यांत बंद झाली. 1893 मध्ये काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले. 1901 मध्ये लाहोरला पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी अमृतधारा बाजारात आणली. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन घन पदार्थ एकत्र करून ठेवले की आपोआप पातळ होतात. ती जादू आजही आपल्याकडे घरोघर केली जाते. अमेरिकेत त्याच सुमारास लन्सफर्ड रिचर्डसन यांनी कापूर, मेंथॉल आणि निलगिरीचे मलम तयार केले, ते पुढे विक्स व्हेपोरब म्हणून जगभर गेले. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 1927 चा ‘औषधिसंग्रह’ हे ग्रंथ याच काळाच्या आगेमागे लिहिले गेले. देसाईंसारख्या माणसाने वनस्पतीचे गुण सांगताना देशी वैद्यक आणि त्या काळचे नवे औषधशास्त्र ही दोन्ही समोर ठेवली. ती शिस्त पुढे मराठी घरगुती औषधांच्या पुस्तकांतून हरवली, याची मला फार खंत वाटते. नंतरच्या पुस्तिकांत ‘निलगिरी तेल छातीला लावावे’ एवढेच उरले. किती, कशात मिसळून, कोणत्या वयाला, हे गेले.

आज या तेलाकडे पाहणारे चार निरनिराळे विचार आहेत आणि ते एकमेकांशी क्वचितच बोलतात. आयुर्वेदाने निलगिरीला उष्ण, कफवातहर द्रव्यांत बसवून घेतले. त्याचे बळ असे की तो रुग्णाची प्रकृती, वय आणि ऋतू विचारतो. त्याची अडचण अशी की या तेलापाठीमागे कापूर-वेखंडासारखी शतकांची परीक्षा नाही. दुसरा विचार सुगंधोपचाराचा, म्हणजे अरोमाथेरपीचा. हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गॅटफॉसे यांच्या 1937 च्या पुस्तकाने रूढ केला. फ्रान्समध्ये पुढे डॉ. जाँ व्हाल्ने यांच्या प्रभावाने वैद्याच्या देखरेखीखाली तेल पोटातूनही देण्याची रीत पडली, तर इंग्लंडमध्ये ते भरपूर पातळ करून मालिशसाठी वापरण्याची. आपल्याकडे समाजमाध्यमांवर या दोन रीतींची सरमिसळ झाली आहे: फ्रेंचांची पोटात घेण्याची सूचना आली, देखरेख आली नाही. गंमत म्हणजे या तेलांच्या धोक्यांचा सर्वांत तपशीलवार ग्रंथ सुगंधोपचाराच्याच गोटातून आला. रॉबर्ट टिसरँड यांनी सहलेखकासह 1995 मध्ये तो लिहिला.

तिसरा विचार औषधशास्त्राचा, विशेषतः जर्मनीतला. तिथे शुद्ध सिनिओलच्या 200 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून तीन वेळा देतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉन इथल्या चाचणीत, ज्यांना रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत अशा 32 दमेकऱ्यांना बारा आठवडे सिनिओल किंवा नकली कॅप्सूल दिल्या. सिनिओल घेणाऱ्यांच्या स्टेरॉइडची मात्रा सरासरी 36 टक्क्यांनी कमी करता आली, दुसऱ्या गटात 7 टक्क्यांनी. 2009 मध्ये फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या 242 रुग्णांवरील सहा महिन्यांच्या चाचणीतही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सिनिओल दिल्यावर आजार बळावण्याचे प्रसंग घटले. हे निष्कर्ष मोलाचे आहेत. पण ते मोठ्या माणसांचे आहेत, मोजलेल्या कॅप्सूलचे आहेत आणि डॉक्टरांच्या नजरेखालचे आहेत. आता हिशेब करा. चहाच्या एका चमच्यात पाच मिलिलिटर तेल मावते, त्यात तीन ग्रॅमहून अधिक सिनिओल असते. म्हणजे अशा सोळा कॅप्सूल. मोठ्या माणसाच्या पाच दिवसांहून अधिक काळाची मात्रा एका घोटात. दहा किलोच्या लेकराच्या पोटात ती गेली तर काय होईल, हे चौथा विचार सांगतो. तो विषशास्त्राचा.

मेलबर्नच्या बालरुग्णालयात 1981 ते 1992 या काळात निलगिरी तेल प्यायलेली 109 लहान मुले दाखल झाली होती. ऑस्ट्रेलियात वाफेच्या यंत्रात हे तेल घालण्याची पद्धत होती, त्यामुळे बाटली किंवा यंत्राची वाटी मुलांच्या हाताशी असे. उलटी, झोपाळूपणा, चाल लटपटणे, मग शुद्ध हरपणे, कधी झटके. लक्षणे बहुधा अर्ध्या तासात सुरू होतात. दोन-तीन मिलिलिटरनेही गुंगी येऊ शकते आणि चमचाभर तेल जिवावर बेतू शकते. तेल पातळ आणि उडून जाणारे असल्याने उलटीच्या वेळी ते श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. म्हणूनच उलटी करवू नये, असे विषशास्त्र निक्षून सांगते.

कापूर याहून उग्र. एका ग्रॅमच्या आसपास कापराने लहान मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. देवघरातली वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि मुलाच्या हाताला येईल अशा जागी असते. कापराने झटके येतात हे डॉक्टरांना इतके पक्के ठाऊक होते की 1934 मध्ये बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी कापराची इंजेक्शने दिली होती. अमेरिकेने चोळण्याच्या औषधांत 11 टक्क्यांहून जास्त कापूर घालायला 1980 च्या दशकातच मनाई केली. आपल्याकडचे संशोधनही आहे आणि ते प्रत्येक मराठी डॉक्टरने वाचावे असे मला वाटते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. थॉमस मॅथ्यू आणि त्यांचे सहकारी यांनी 2021 मध्ये, चार वर्षांत अनेक रुग्णालयांत आढळलेल्या अशा 55 प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचे झटके निलगिरी किंवा कापूर असलेल्या तेल-बामाशी निगडित होते. काहींना आधी फिट्सचा आजार होता, काहींना आयुष्यात कधीच फिट आलेली नव्हती. फिट आलेल्या माणसाला ‘कोणते तेल लावले, कोणता बाम हुंगला’ हा प्रश्न विचारला जात नाही, आणि म्हणून कारण सापडत नाही.

बामांमधले आणखी एक तेल इथे सांगायला हवे: गंधपुरा, म्हणजे विंटरग्रीन. सांधेदुखीच्या तेलांना येणारा तो ओळखीचा गोडसर वास याचाच. त्याच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके द्रव्य असते. कोयता चालवून कंबर धरलेल्या बाईने ते कमरेला थोडे चोळणे वेगळे आणि झाकण उघडे राहिलेली बाटली रांगत्या मुलाने तोंडाला लावणे वेगळे.

तेल प्याले नाही, नुसते लावले किंवा हुंगले, तरी तान्ह्या बाळांबाबत भीती आहे. बाळाच्या नाकाशी उग्र वास गेला की घशातले स्नायू आकसून श्वास अडू शकतो. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेच्या मार्गदर्शनानुसार अडीच वर्षांखालील मुलांना आणि पूर्वी झटके आलेल्या मुलांना निलगिरी तेल लावायचे किंवा हुंगवायचे नसते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हेपोरबच्या वेष्टनावरही दोन वर्षांखाली वापरू नये असे छापलेले असते. 2009 मध्ये अमेरिकेतील डॉ. ब्रूस रुबिन यांच्या गटाने, नाकाखाली हे मलम लावल्यानंतर श्वासाचा त्रास झालेल्या दीड वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. सोबत प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांना आढळले की मलमाने श्वासमार्गातला चिकटा उलट वाढतो. मग नाक मोकळे झाल्यासारखे का वाटते? मेंथॉल मज्जातंतूंच्या गारवा ओळखणाऱ्या ग्राहींना चाळवते, हवा आत जास्त गेल्याचा भास होतो, वाट मात्र तेवढीच अरुंद राहते. या ग्राहींच्या शोधाला 2021 च्या नोबेल पारितोषिकात मोठे स्थान होते. मोठ्या माणसाला या भासाने झोप लागत असेल तर माझी हरकत नाही. पण धाप लागलेल्या बाळाला आराम पडला असे समजून आई थांबली, तर दवाखान्याचे ते तास हातचे जातात. मला या तेलाच्या विषारीपणाइतकीच या थांबण्याची काळजी वाटते.

हे सगळे आताच सांगण्याला कारण आहे. एप्रिल-मे 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, बीड असो की मुंबई, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब घातलेली पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश मोबाइलवरून घरोघर फिरला. ऑक्सिजन वाढत नव्हता. लोक मात्र पुरचुंडी नाकाला लावून वाट पाहत होते. कोरोनाच्या दोन वर्षांत लागलेली वाफेची आणि तेलांची सवय नंतरही गेलेली नाही. उकळत्या पाण्याने मुले भाजतात, आणि साध्या सर्दीत वाफेचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. त्यातच आता शहरांत तेल हवेत उडवणारी विजेची यंत्रे बाळाच्या खोलीत आली आहेत, आणि गावांत पूजेच्या दुकानापासून आठवडी बाजारापर्यंत कुठेही तेलाच्या बाटल्या मिळतात. पुष्कळ बाटल्यांवर तेल कोणत्या जातीचे, टक्केवारी किती, मुलांना चालते की नाही, हे मराठीत लिहिलेले नसते. झाकणही मुलाला सहज उघडेल असे असते. कोपीत कपाट नसते, उंच फळी नसते. बाटली जमिनीवरच असते आणि तिच्या शेजारी मूल असते.

या पुस्तकात निलगिरीला मध्यभागी ठेवून कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल, लवंग तेल, गंधपुरा आणि रोशा या तिच्या गणगोताचा विचार केला आहे. प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न आहेत: काय गुण दिसला आणि तो कोणत्या पुराव्यावर, कोणत्या मात्रेला तो गुण संपून अपाय सुरू होतो, आणि कोणाला ते मुळीच देऊ नये. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. जिथे वैद्यांची जुनी सूचना आणि आजची चाचणी एकाच दिशेने बोट दाखवतात तिथे तसे म्हटले आहे, जिथे फारकत आहे तिथे बालकाच्या बाजूने कौल दिला आहे. तेल घरी कसे गाळावे, अमृतधारा कशी करावी, असल्या कृती जाणीवपूर्वक गाळल्या आहेत. मोठ्यांच्या अंगाला चोळायचे तर तीळ किंवा खोबरेल तेलात किती थेंब घालावेत, याचे कोष्टक मात्र दिले आहे, कारण ‘वापरू नका’ म्हणून लोक थांबत नाहीत, नीट सांगितले तर ऐकतात.

भाषा आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना आणि हंगामी वसतिगृहात मुले सांभाळणाऱ्यांना वाचता यावी अशी ठेवली आहे. पुस्तक चाळायला ज्यांना सवड नाही त्यांनी निदान मुखपृष्ठाच्या आतले पान फाडून भिंतीला चिकटवावे. त्यावर एवढेच आहे: मुलाने तेल, बाम किंवा कापूर गिळला तर उलटी करवू नका, दूध, मीठपाणी, गोडेतेल काही पाजू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, दातांत काही घालू नका. बरे दिसत असले तरी वाट न पाहता 108 ला फोन करा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. मूल बेशुद्ध असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाची तयारी ठेवा. आणि बाटली, रिकामी असली तरी, बरोबर न्या.